समीरचं ठासणीचं पिस्तूल

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, तेही ब्रिटिश फौज सोडल्यावर, ब्रिस्टलला. तेव्हा लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो.

माझं पोस्टिंग स्कॉटलंडमधल्या एका इन्फन्ट्री बटालियनमध्ये होतं. सेक्शनमध्ये मराठी दोघंच, मी आणि लंडनच्या हॅरो भागातला लान्स कॉर्पोरल समीर. तो इकडेच जन्मलेला. रविवारी पोरं फुटबॉल बघायची, हा जुन्या बाजारात जायचा. तिथून स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँडमधली जुनी हत्यारं आणायचा: जाळीच्या मुठीची तलवार, डर्क म्हणतात तो लांब खंजीर, ठासणीची पिस्तुलं. बहुतेक रेप्लिका, कारण अस्सल परवडत नसे.

"माझा तलवार बघ," म्हणायचा.

"आधी माझी म्हण, मग बघतो."

आमच्या ग्लासगोच्या सार्जंटनं एकदा विचारलं, हॅरोच्या पोराला हायलँडचं एवढं वेड कशाला? समीर म्हणाला, "कुणीतरी सांभाळायला हवं ना, सार्जंट. तुम्ही तर सगळं विकून टाकलंत." सार्जंटच सगळ्यात जास्त हसला. चांगले दिवस होते.

पुढे परदेशातल्या एका तैनातीत समीरची गाडी दरीत उलटली. तो गेला. मी मागच्या गाडीत होतो.

यंदा त्याच्या वडिलांनी, डॉक्टरकाकांनी, मला बोलावलं. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात समीरचा संग्रह मांडायचा होता. रेप्लिका मुलांना हाताळू द्यायच्या, ही काकांची इच्छा. आदल्या दुपारी आम्ही सगळं डायनिंग टेबलवर काढलं. त्यात एक पोलादी पिस्तूल होतं, मूठ मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली. काका म्हणाले, याचा चाप मुलांना ओढायला देऊ.

फौजेत रायफल हातात आली की ती रिकामी आहे का, हे आधी बघतात. या पिस्तुलाच्या बाबतीत तसं बराकीतही कुणी केलं नव्हतं. रेप्लिकाला कोण तपासतो? मी सवयीनं नळीत बार ठासायचा गज सोडला. तो आत टेकल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर बोटानं खूण धरली, बाहेर काढून नळीशेजारी लावला. गज तळापर्यंत गेलाच नव्हता. आत काहीतरी होतं.

"काका, काकू कुठे आहेत?"

"किचनमध्ये. का रे?"

"बार भरलेला आहे. दोघंही पुढच्या दारानं बाहेर जा. आत्ता."

"अरे, खोटं आहे ते."

"काका, ऑर्डर समजा."

ते गेले. मी पिस्तूल नळी भिंतीकडे करून ठेवलं, बाहेर आलो आणि पोलिसांना फोन केला. त्यांनी रस्ता बंद केला. काकू कणकेच्या हातांनीच फुटपाथवर उभ्या होत्या. काका एकच विचारत होते, सगळं घेऊन जातील का? अधिकारी म्हणाला, पिस्तूल तेवढं नेतो, पण कदाचित नष्ट करावं लागेल.

"तेवढं वाचव रे," काका मला म्हणाले.

मी अधिकाऱ्याला विनंती केली की बार काढता आला तर नळी कापू नका. तो म्हणाला, बघतो.

बाकीची प्रत्येक वस्तू तपासून प्रदर्शन झालं. मुलांनी तलवार उचलून बघितली. जड आहे म्हणाली.

बातमी यायला काही महिने लागले. परवा लेक्चरमधून बाहेर पडलो तर काकांचा फोन. गोळी आणि दारू नीट काढली होती. पिस्तूल शाबूत होतं. आणि ते रेप्लिका नव्हतंच. तज्ज्ञांच्या मते अस्सल, दोनशे वर्षांहून जुनं. समीरला हे कधी कळलं नाही.

स्कॉटलंडमधलं एक म्युझियम ते मांडणार आहे. शेजारच्या कार्डावर कुणाचं नाव घालायचं, असं त्यांनी काकांना विचारलं.

"मी रँकसकट सांगितलं," काका म्हणाले. "लान्स कॉर्पोरल समीर. बरोबर ना?"

"बरोबर, काका."