बंद घराची ओळ

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा होता. बालाघाटच्या कॉलेजातले माझे सर म्हणायचे, "बेटा, पूरा पेपर कोई नहीं पढ़ता. सब सारांश पढ़ते हैं. उसमें झूठ मत जाने देना."

विषय होता रामपायलीकडच्या एका गावातल्या विहिरींच्या पाण्यातलं लोह. एका संध्याकाळी मी घरोघरी रिकाम्या बाटल्या दिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या गोळा केल्या. 'लोह मर्यादेत आढळले' हे वाक्य मी इंग्रजीत लिहिलं आणि कितीदा तरी वाचलं. आमच्या घरात असं वाक्य लिहिणारी मी पहिलीच.

त्याच गावात माझी मावशी एकटी राहायची. तिच्याकडे राहूनच मी दहावी केली; तेव्हा विहिरीचं पाणी नितळ होतं. सारांश दाखवायला गेले, तर तिच्या परसातल्या विहिरीतून बादली वर आली ती तांबूस पाण्याची.

"मावशी, बाटलीत तर नितळ होतं."

"मंग तुले गढूळ पानी देऊ काय? शाळेच्या हापशीचं आनलं, धुतल्या लुगड्यातून गाळलं. साऱ्याइनच तसं केलं. आपली पोरगी बालाघाटले नेऊन दाखवनार म्हने." मग हसत विचारलं, "काहून, नापास केलं का सायबानं?"

मी तो सारांश फाडला. सरांनी नवे नमुने स्वतःच्या हातानं काढायला सांगितलं. परीक्षेच्या नावाखाली मी ते पुढं ढकलत राहिले. तेवढ्यात मावशी साध्या तापात गेली. तेरवीनंतर तिच्या दाराला कुलूप लागलं, विहीर आत राहिली.

इतर घरांच्या विहिरींतून मी स्वतः पाणी काढलं; लोह जास्त निघालं. नव्या सारांशात मी लिहिलं, 'एका घराचा नमुना घेता आला नाही.'

"जगह नहीं है, इसे अंदर डाल दो," सर म्हणाले.

मी सुरुवातीचं एक शोभेचं वाक्य कापलं आणि ती ओळ ठेवली. सरांनी ती पुन्हा वाचली. माझ्याकडे बघून म्हणाले, "कारण भी लिखो." मी लिहिलं, 'घर बंद होते.'

आता मीच मुलांना सारांश शिकवते. प्रयोगशाळेच्या फळीवर त्या गावाच्या बाटल्या अजून आहेत. नव्यांच्या तळाशी तांबूस गाळ बसलाय. मावशीनं भरून दिलेली ती पहिली बाटली त्यांच्या शेजारी आहे. जाता-येता मी ती उचलते, हलवून बघते. तळातून काहीच वर येत नाही.