नव्या लॅबचा आकडा आणि आमची सई

शनिवारी सकाळी वेस्ट मांबलमच्या आमच्या घरी इडल्या उकडत होत्या आणि फोनवर सईच्या रक्त-लघवीच्या रिपोर्टची पीडीएफ येऊन पडली. उघडली... आणि गॅस तसाच सोडून नवऱ्याला हाक मारली.

सई आमची लेक, अकरा वर्षांची. तिला ल्युपस आहे, म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. आजार शांत आहे की पुन्हा डोकं वर काढतोय, याचा अंदाज रक्तातल्या काही आकड्यांवरून येतो. डीएस-डीएनए अँटीबॉडी वाढायला नको, सी-थ्री आणि सी-फोर घसरायला नकोत... हे आता पाढ्यांसारखं पाठ झालंय.

या वेळी स्टेरॉइडचा डोस कमी होईल अशी आशा होती. त्या गोळ्यांनी पोरीचे गाल इतके सुजलेत की ती आरशासमोर उभीच राहत नाही. आणि हा डीएनएचा आकडा मागच्यापेक्षा कितीतरी जास्त! डोस कमी होणं राहिलं बाजूला, आता वाढणारच.

दोन दिवस मी आणि नवरा नुसते गूगल करत होतो. सईसमोर हसायचं आणि बाल्कनीत जाऊन कुजबुजायचं... देवा रे!

सोमवारी अड्यारला डॉक्टर मॅडमकडे गेलो. आत शिरताच मी फोन पुढे केला, तर त्यांनी तो बघितलाच नाही! सईकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "एप्पडि इरुक्के, कण्णा?" कशी आहेस, बाळा.

"सूपर!" सई म्हणाली.

मग तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. पोरगी टुणकन उठली. सांधे, तोंड, केस सगळं तपासून झालं, तेव्हा कुठे रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, लॅब बदलली का?

बदलली होती ना! टी. नगरच्या गर्दीतून नेहमीच्या लॅबपर्यंत कोण जाणार, म्हणून घरी येऊन रक्त नेणारी शोधली होती. कोण ही आमची हुशारी... प्रत्येक लॅबची मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, असं मॅडमनी समजावलं. सी-थ्री, सी-फोर छान होते, लघवीत प्रोटीन नव्हतं, म्हणजे किडनीही ठीक. तरी खात्रीसाठी जुन्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला सांगितलं.

सुई टोचताना सईनं मलाच दटावलं, "आई, तू डोळे मिट बघू."

काल रिपोर्ट आला. आकडा मागच्यापेक्षा खाली! मॅडमचा मेसेज आला, डोस कमी करा. जीव भांड्यात पडला. मी ओट्यापाशी ढसाढसा रडले, आणि नवरा नाक पुसत म्हणतो, सर्दी झालीय.

मॅडमचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही. डोस कमी केला म्हणून तर आहेतच, पण त्या पहिल्या प्रश्नासाठी जास्त... दोन दिवस आम्ही त्या पीडीएफला शंभरदा विचारत होतो, सई कशी आहे. सईला एकदाही विचारलं नव्हतं.