डॉक्टरांचं वजन उतरलं

लग्न करून दिल्लीत आले तेव्हा माझे यजमान सडपातळ होते, हे आता कुणाला सांगितलं तर हसतात. पहाडगंजच्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही द्वारकेत सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तोवर ते चांगलेच सुटले होते. तेव्हा द्वारकेत मेट्रो नव्हती, पाणी टँकरने येई आणि अंधार पडला की रिक्षा मिळत नसे. पण लोकांचे पगार वाढले होते, एकेक नवी इमारत भरत होती, आणि भरलेल्या प्रत्येक इमारतीत पोट सुटलेले पुरुष आणि गुडघे धरून चालणाऱ्या बायका होत्या. सेक्टरच्या मार्केटमध्ये यांनी दवाखाना टाकला तो अगदी वेळेवर.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होते. सकाळी चार्टर्ड बस, संध्याकाळी चार्टर्ड बस, आणि रविवारी कंपाउंडरला सुट्टी म्हणून दवाखान्यात नंबर लावायला मी. आठवड्यातून एक दिवस तरी पाय वर करून बसावं ही माझी साधी इच्छा निवृत्तीपर्यंत पुरी झाली नाही. यांचं वजनावरचं भाषण मात्र बसल्या बसल्या पाठ झालं. तळलेलं बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण लवकर, सकाळी फिरायला जा. सांगणं अगदी गोड, समजावून. आणि सांगणाऱ्याच्या शर्टाची बटणं पोटावर ताणलेली.

लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि समोरच्या दुकानात ब्रेड पकोडा खाऊन घरी जात. यांना ते काचेतून दिसायचं. एक प्रॉपर्टी डीलर होता, साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले, स्वभावाने मोकळा. यांचं भाषण संपल्यावर तो एकदा खुर्चीत रेलून म्हणाला, "डॉक्टर साहब, पहले आप." बाकावरचे सगळे हसले, हेही हसले. घरी येताना मात्र स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाणली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्या अगदी जिभेवर आली होती. त्या दिवशी मी ती गिळली. एरवी गिळत नसे.

माझ्या सासऱ्यांना साखरेने ऐन पन्नाशीत नेलं. यांचंही तसंच होणार ही भीती माझ्या मनातून कधी गेली नाही. भात मोजून वाढला, तूप कपाटात ठेवलं, अबोला धरला. हे हसून कपाटातून तूप काढून घ्यायचे. निदान दुसऱ्या कुणा डॉक्टरकडून तपासून तरी घ्या म्हणून मागे लागले, तर म्हणायचे, डॉक्टर काय दुसऱ्या डॉक्टरकडे जातो? बीपी स्वतःच मोजायचं, गोळी स्वतःच ठरवायची, तीही औषध कंपन्यांची माणसं फुकट ठेवून जात त्या सॅम्पलमधून. त्या वर्षांत इतक्या कंपन्या आल्या होत्या की ड्रॉवर कधी रिकामा होत नसे. या महिन्यात निळं पाकीट, पुढच्या महिन्यात लाल. पेशंटने असं काही केलं असतं तर यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

मग एका दिवाळीनंतर यांचं वजन उतरायला लागलं. गाल बसले, पट्ट्याला आणखी आत नवं भोक पाडावं लागलं. मला वाटलं, देवाने ऐकलं एकदाचं. सोसायटीत जो तो विचारायचा, कसं केलंत. हे म्हणायचे, बस, खाने पर कंट्रोल. आणि नवल म्हणजे पेशंट ऐकू लागले. प्रॉपर्टी डीलर बायकोला घेऊन सकाळी पार्कात फिरताना दिसू लागला. सोसायटीच्या हॉलमध्ये यांचं भाषण ठेवलं, भाषणानंतर समोसे होते, आणि ते चक्क उरले. त्या हिवाळ्यात यांचा आवाजसुद्धा बदलला होता, कॉलेजात पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

घरात मात्र मला तो कंट्रोल कुठे दिसेना. पोळ्या तितक्याच, उलट एखादी जास्तच. दिल्लीच्या थंडीत माणसं पाण्याला शिवत नाहीत, आणि हे तांब्यावर तांब्या रिचवत होते. रात्री सारखं उठणं चालू होतं. मी डॉक्टर नाही, पण इतके रविवार त्या दवाखान्यात काढले होते. खूप तहान, सारखी लघवी आणि काही न करता वजन उतरलं तर सरळ माझ्याकडे या, हे मी यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

एका रविवारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसले. अशी लक्षणं घेऊन कुणी आलं तर त्याला काय सांगाल, असं विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बीपीच्या यंत्राची नळी गुंडाळत राहिले.

"साखर बघितलीये मी," ते म्हणाले. "खूप आहे."

"कधी बघितलीत?"

"महिना झाला असेल."

मला भयंकर राग आला. महिनाभर मी रोज यांचं पान वाढत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला यांचं कौतुक सांगत होते. मग औषध का सुरू केलं नाही, असं मी विचारलं.

"करणार होतो गं. जरा थांबलो." नळी गुंडाळून झाली तरी हात तिथेच होता. "लोक ऐकायला लागले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

या माणसावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं तेच मला कळेना. मी उठून दवाखान्याचे दिवे बंद करायला लागले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि यांना शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते यांच्याहून बरेच तरुण. यांना पाहून उठून उभे राहिले, चहा मागवला, रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "सर, आपको तो सब पता ही है." यांना तेवढंच हवं होतं. हे हसत उठायला लागले. मी दंड धरून खाली बसवलं.

"इनको कुछ नहीं पता," मी म्हटलं. "आप शुरू से बताइए."

त्या भल्या माणसाने खरंच पहिल्यापासून सांगितलं, आणि यांनी खाली मान घालून ऐकलं.

इन्शुलिन सुरू झालं, तहान गेली आणि हळूहळू वजन परत यायला लागलं. पार्कातले लोक विचारू लागले, क्या डॉक्टर साहब, छोड़ दिया? हे सरळ सांगत, बीमार था, अब ठीक हूँ. काही दिवसांनी प्रॉपर्टी डीलर फिरायला येईनासा झाला. यांच्या ते फार मनाला लागलं, आणि यांचा चेहरा बघून माझ्याही. पण दवाखान्यातल्या काट्यावर यांचं वजन दोन किलो वाढलेलं दिसलं, त्या संध्याकाळी मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. ज्या वजनाला संसारभर बोल लावला, ते परत आलं म्हणून. हे सोफ्यावरून बघत होते. प्रसादाला यांनी हात पुढे केला. मी यांना दिला नाही. चिमूटभर साखर मीच तोंडात टाकली आणि पोळ्या लाटायला गेले.