लाइट काय विचारून जाते?

माझी वहिनी भर कामात भिंतीतला प्लग खसकन उपटायची. न सांगता, न विचारता. उल्हासनगरच्या ज्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती कामाला होती, तिथला सिंधी मालक हे पहिल्यांदा बघून खुर्चीतून अर्धा उठला होता म्हणे. "अरे भाभी, ये क्या कर रही हो! रिपोर्ट चालू हैं!" वहिनी प्लग हातात धरून शांतपणे म्हणाली, "लाइट क्या पूछ के जाती है, सेठ?" टेबलाखाली यूपीएसचा डबा पीं पीं करत होता. थोड्या वेळानं कॉम्प्युटरनं स्वतःच सगळे रिपोर्ट जपून ठेवले आणि शहाण्या मुलासारखा बंद झाला. मग वहिनीनं प्लग परत लावला आणि चहा मागवला.

खरं तर तिला तिथं फक्त रिपोर्ट टाइप करायला ठेवलं होतं. पण एकदा लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सकाळपासूनचे सगळे रिपोर्ट गेले. पेशंटांनी शिव्या घातल्या त्या हिला. तेव्हा हिला कळलं की यूपीएससोबत आलेली यूएसबीची वायर अजून पिशवीतच पडली आहे. ती जोडली तर बॅटरी संपत आल्याचं कॉम्प्युटरला आधीच कळतं. पण नुसती जोडून भागत नाही. "डबा बोलतो हो भाऊजी," ती मला समजावायची, "पण त्याची भाषा येणारा कुणीतरी मध्ये बसवावा लागतो. तोच ड्रायव्हर." त्यांच्या डब्यावरच्या कंपनीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. बाईनं इंटरनेटवर वाचून वाचून दुसऱ्याच कंपनीचा ड्रायव्हर त्याला बसवला आणि तो चालला! "बाहेर नाव कुणाचंही असू दे, आतलं घराणं एकच असतं," हे वर आणि.

मी अंबरनाथला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये असतो. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण वहिनी हे सगळं मला सांगायची, कारण दादाला सांगायला गेलं की तो चेष्टा करायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंबरनाथच्याच एका केमिकल कंपनीत त्याचं आयुष्य गेलं आणि फुप्फुसंही तिथंच गेली. शेवटी शेवटी तर बदलापूरला शिरगावच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं आणि नाकात नळी, असा दिवसभर पडून असायचा. यंत्र चालतं विजेवर. आणि आमच्या बदलापूरची वीज तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, ती माहेरवाशिणीसारखी. आली म्हणेपर्यंत निघाली!

म्हणून वहिनी लॅबमधून सारखी घरी फोन करायची. "अहो, लाइट आहे ना?" दादा म्हणायचा, "लाइट आहे. तू नाहीस." मग सुरू व्हायचा तो. समोरच्या काकूंचा बोका आज कुणाच्या गॅलरीत गेला, आमटीत मीठ कमी होतं, टीव्हीवरची ती बाई पुन्हा रडली. वहिनी फोन कानाशी धरून रिपोर्ट टाइप करायची आणि गालात हसायची. शेठ म्हणायचा, "भाभी का रेडिओ लग गया."

एका दुपारी मात्र दादाला गाढ झोप लागली आणि लाइट गेली. घरचा यूपीएस ओरडून ओरडून थकला, संपला. यंत्र बंद. समोरच्या काकू योगायोगानं डोकावल्या, तर दादाचे ओठ निळे पडलेले. काकूंनी कोपऱ्यात अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला म्हणून वाचला. त्या दिवशी वहिनी रडली नाही. "आता तो डबा माझ्याशी बोलला पाहिजे," एवढंच म्हणाली.

तिनं एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. आता घरात दोन यूपीएस झाले, एक ऑक्सिजनच्या यंत्राला, एक कॉम्प्युटरला. दोन्ही एकाच कंपनीचे आणि आत ओळख पटेल असा नंबर दोन्हींत नाही. जुळ्या पोरांसारखं झालं, एकाला हाक मारली की दुसराच ओ देतो. वहिनीनं मग कॉम्प्युटरलाच बजावलं की वरच्या खोबणीत वायर असेल तो ऑक्सिजनवाला, खालच्या खोबणीतला दुसरा. लाइट गेली की तिच्या आणि काकूंच्या मोबाइलवर निरोप जायला लागला.

तर दसऱ्याला दादानं काय करावं? नळी सांभाळत उठला आणि यंत्रांची पूजा करायला बसला. डब्यांच्या यूएसबीच्या वायरी काढल्या, डबे पुसले, कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि वायरी परत लावल्या त्या उलट्या. वहिनीनं संध्याकाळी प्लग उपटून बघितला नसता तर ते कुणाला कळलंही नसतं. केवढी भडकली! "अहो, देवाची पूजा करा, पण देवांच्या जागा कशाला बदलता?" दादा म्हणाला, "मला वाटलं, त्यांनाही जरा हवापालट." मी सोनं द्यायला गेलो होतो, तिघंही पोट धरून हसलो. दादाला हसताना धाप लागली, आणि वहिनी तरीही हसतच होती.

मग तिनं आणखी एक सोय केली. लॅबमधल्या तिच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात घरच्या डब्याची खबर दिसू लागली. ओएल म्हणजे लाइट आहे, ओबी म्हणजे बॅटरीवर चाललंय. आता फोन कशाला करायचा? मान वळवली की झालं. दादा मला म्हणाला होता, "तुझी वहिनी हल्ली मला विचारत नाही रे. डब्याला विचारते." आम्ही ते हसण्यावारी नेलं.

दादा गेला त्या दिवशी बदलापूरला सकाळपासून एकदाही लाइट गेली नव्हती. काकू ताक घेऊन आल्या, तर पंखा चालू, टीव्ही चालू, ऑक्सिजनचं यंत्र घुर्रघुर्र करत चालू. दादा तेवढा नव्हता. काकूंनी कळवलं तसा मी पोचलो आणि वहिनीला फोन लावला. ती पडद्यासमोर डबा उघडून जेवत होती. मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच काय बोलता भाऊजी? लाइट आहे की!" पुन्हा म्हणाली, "मी बघतेय ना, लाइट आहे." मग तिच्या हातून फोन पडला असावा. शेठचा आवाज ऐकू येत राहिला, "भाभी, भाभी."

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, कुणी शेजारी असतं तरी काही करता आलं नसतं. सगळ्यांनी तिला हेच सांगितलं. ती मान डोलवायची. तेराव्यानंतर आम्ही दोघंच होतो तेव्हा म्हणाली, "यंत्र खोटं नाही बोललं. मी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. पण भाऊजी, ड्रायव्हर बसलाच नसता, तर जेवायच्या आधी मी फोन केला असता. वाचले नसते, मान्य आहे मला. पण बोलले असते हो." मला रडू आवरलं नाही. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी वायरी गुंडाळत बसली होती.

तिनं लॅब सोडली. ऑक्सिजनचं यंत्र एका गरजूला दिलं, फ्लॅटला कुलूप लावलं आणि माणगावजवळ बहिणीकडे राहायला गेली. मी मधे भेटायला गेलो होतो. अंगणात बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. मीही हात लावला. तिच्या भाच्याचं घरालगतच झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. तो वैतागून बाहेर आला, लॅपटॉप तसाच हातावर घेऊन. "मावशी, नवीन यूपीएस आणलाय, वायर जोडली तरी ड्रायव्हर बसत नाही. तू लॅबमध्ये होतीस ना? बघ ना जरा काही कळतंय का."

वहिनीचा हात थांबला. तिनं पडद्याकडे पाहिलं. तिचे डोळे तिथल्या एररच्या ओळीवरून शेवटपर्यंत फिरले, ओठही किंचित हलले. मला वाटलं, आता उठेल, दुकानात शिरेल, आधी भिंतीतल्या प्लगकडे जाईल. बस्स, तेवढं झालं असतं ना, तर माझी वहिनी मला परत मिळाली असती.

"मला नाही रे त्यातलं काही कळत," ती म्हणाली.

भाचा गेला. खोटं बोलतेस वहिनी, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिनं मान वर केली नाही. मी पुढचा वाल उचलला आणि सोलायला लागलो.