कागदाच्या कडेला लिहिलेला गुलाबी

मधुकर गेल्याचं मला आमच्या महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वनस्पतीशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, यांनी लिहिलं होतं, ‘माझा उजवा हात गेला.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तो उजवा हात वीस वर्षं काचा धुताना मी पाहिलाय, त्यामुळं रडू यायच्या आधी मला किळस आली. शोकसभेत तर सरांनी कहर केला. तीनदा आवंढा गिळला, आणि तिन्ही वेळा फोटोवाला समोर आहे ना ते बघून घेतलं.

मधुकर बोरीचा, परभणीला आमच्या प्रयोगशाळेत परिचर. मी तिथंच कारकून. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. दरवर्षी मुलांची सहल कोकणात समुद्राकाठच्या एका उद्यानात जायची. तिथल्या गुलाबी फुलांवर पुस्तक काढायचं, असं सरांनी ठरवलं. ठरवलं तेवढंच. विश्रामगृहातल्या पंख्याखालून ते उठायचे ते जेवायलाच. काळ्या मातीतला मधुकर मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत हिंडायचा. वाळूवर पसरलेली मर्यादावेल, वाटेवरची लाजाळू, कुंपणाची बोगनवेल, माळ्यानं लावलेली सदाफुली नि कण्हेर... एकेक फांदी जुन्या पेपरात दाबायचा आणि कागदाच्या कडेला तिथंच पेन्सिलीनं रंग लिहायचा. कारण वाळल्यावर गुलाबी टिकत नाही. सदाफुली जांभळट होते, कण्हेर तपकिरी पडते. रंगही त्यानं लिहिले ते गावाकडचे. ‘जत्रेतल्या बुढ्ढीच्या बालांसारखा.’ ‘कापसाचं फूल दुसऱ्या दिवशी होतं तसा.’

सरांनी परभणीत बसून त्या वाळक्या फांद्या पाहिल्या आणि गुलाबी नाहीत म्हणून अर्धी फुलं यादीतून उडवली. केवढी ही विद्वत्ता! मधुकर कागद घेऊन आला. “सर, ही कण्हेर गुलाबी हाय. तोडली तवाच लिवून ठिवलंय मी.”

“तू काचा धू,” सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे कागद गुपचूप मागवून घेतले. अख्खं पुस्तक त्या कडांवरून झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मधुकरनं मला एकच गोष्ट मागितली होती. “भाऊसाहेब, माझं नाव कुटं तरी टाका. बारीक अक्षरात आलं तरी चालंल.” मी शब्द दिला. मजकूर मीच टाइप करत होतो. आभारात एक ओळ मधुकरसमोरच घातली. सरांनी ती वाचली. “परिचराचं नाव आलं की पुस्तकाचं वजन जातं. काढा ते.” मी काढलं. माझा पगार त्यांच्या हातात नव्हता, बदली नव्हती, काही नव्हतं. नुसती ‘हो सर’ म्हणायची सवय. सरांचा मला तिटकारा आहे, पण ते निदान स्वतःसाठी तरी खोटं वागले. मी कशासाठी वागलो? मधुकरला मी काही सांगितलं नाही. पुस्तक आलं तेव्हा त्यानं ते चाळलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “छपाई लय झकास हाय.” मी त्यावर चहा मागवला...

मधुकरच्या जलदानविधीच्या दिवशी बोरीला गेलो. बुद्धवंदना झाली, खीर झाली, माणसं पांगली. मधुकरच्या बायकोनं, गयाबाईंनी, फडक्यात बांधलेलं ते पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

“भाऊसाहेब, ह्यात ह्यांचं नाव कोणत्या पानावर हाय? नातीनं दोनदा वाचलं, तिला सापडंना. हे म्हनायचे, भाऊसाहेबांनी सोता टाकलंय, माज्यासमोर. तुमालाच म्हाईत असंल.”

नात दाराशी उभी राहून बघत होती. मी पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, परत पहिलं उघडलं.

“चष्मा घरी राहिला, वहिनी,” मी म्हणालो.

गयाबाईंनी माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडं पाहिलं. मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत फडक्यात बांधलं.