केव्हा, कसं, कुठे

लग्नानंतर दोनच महिन्यांत नवरा हॉलंडला पंपाच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि मी धुळ्यात सासरी राहिले. पाठोपाठ त्याने डच भाषेचं पुस्तक धाडलं. एवढं शीक, मग बोलावून घेतो, असं त्याचं म्हणणं. मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर मी ते पुस्तक फोडत बसायचे.

दुपारी सासरे, म्हणजे आबा, दुकानावर गेले की मोठ्याने वाचायची मुभा होती. अक्का, माझ्या सासूबाई, शेजारी डाळ निवडत ऐकायच्या. डच वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. 'उद्या' पुढे आणलं, की 'मी' मुकाट क्रियापदाच्या मागे जातं: मॉर्खन खा इक, उद्या जाते मी. 'कारण'ने वाक्य जोडलं, तर मात्र तेच क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं. तिथे मला जरा माहेरी आल्यासारखं वाटे. बाकी शब्दांची रांगही ठरलेली: आधी केव्हा, मग कसं, मग कुठे. त्या पुस्तकातली माणसं पानोपानी कुठेतरी निघालेली असत. उद्या आगगाडीने मावशीकडे, रविवारी सायकलने समुद्रावर. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

आमच्याकडे घ्यायला कोणी आल्याशिवाय सुनेला धाडत नसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यावलला माहेरी जायचं, तरी भाऊ मुऱ्हाळी म्हणून येऊन बसे, तेव्हा कुठे माझी पिशवी भरली जाई. नवऱ्याला रजा नव्हती. एकटीच ये, विमानतळावर उभा राहतो, असं तो लिही. भाऊ मुंबईपर्यंत सोडायला तयार होता. मुंबईपुढे कोण, एवढंच आबा विचारत आणि जेवायला बसत. दुसरी आखाजीही येऊन गेली. पुस्तक संपलं, ते मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

सासऱ्यांशी सुनेने बोलायचं नाही, ही आणखी एक रीत. तिघं एकाच खोलीत असलो तरी माझं म्हणणं अक्का त्यांना सांगत आणि त्यांचं मला. पावसाळ्याआधी नवऱ्याने कळवलं, की कारखान्याने दिलेलं घर जोडप्यासाठी आहे, यंदा बायको आली नाही तर ते सोडावं लागेल. त्या दिवशी मी पदर सावरून आबांच्या ताटासमोर उभी राहिले.

"आबा, मी एकटी जाते."

त्यांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे न बघता ते अक्कांना म्हणाले, "तिले सांग, मी काही ऐकं नही."

अक्का भाकरी वाढत होत्या. इतकी वर्षं सगळ्यांचे निरोप वाहून त्यांनाही कंटाळा आला असावा. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या, "आठेच, तुमना समोर उभी शे ती."

मला वाटलं, आज सुटले. आबांनी मान वर केली. थकलेले डोळे होते, राग मुळीच नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, "एकली नही जावानं."

अक्कांच्या तोंडून आलं असतं, तर मी उलट निरोप धाडला असता. आता ते माझ्याशीच बोलले होते, आणि मला होकारार्थी मान हलवावी लागली.