उतारावर बसायचं असतं

चहा आधी संपवून घ्या. ही फजिती ऐकताना तोंडात घोट असला की ठसका लागतो. परवा आमच्या मेहुण्यांना लागला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं!

तर मंडळी, माझी सगळी अक्कल नुकतीच वारज्याच्या टेकडीवरून खाली आली. बरोबर मीही आलो.

झालं असं, की आमची केतकी नोकरीला लागली आणि तिला डाउनहिलचं वेड लागलं. म्हणजे काय? तर सायकल डोंगरावर न्यायची आणि दगडधोंड्यांतून सुसाट खाली यायचं. का, तर मजा येते! इतके दिवस मैत्रिणीची सायकल मागून आणायची. आता पुढच्या रविवारी तिची पहिली स्पर्धा होती, म्हणून स्वतःची घ्यायचं ठरलं.

"बाबा, सायकल घ्यायला येतोस?"

येतोस काय? अहो, माझी अर्धी हयात सायकलवर गेली! सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे विचारतात का? मी चपला घालून दारात उभा.

दुकान नदीमचं. केतकीच्याच वयाचा, तोही डाउनहिलवाला. त्यानं मीडियम मापाची सायकल पुढे काढली. केतकी तिच्यावर बसली आणि मी कपाळावर हात मारला. पोरीचे गुडघे हनुवटीला टेकायचेच बाकी होते!

"अहो, ही लहान मुलांची दिसतेय."

"नाही काका, केतकीच्याच मापाची आहे."

"मग सीट एवढी खाली कशी?"

"खालीच असते. हिच्यावर बसायचं नसतं."

ऐकलंत? बसायचं नसतं! उभ्यानंच जायचं तर सिटी बस काय वाईट होती?

"मग सीट लावलीय कशाला? शोभेला?"

"जवळजवळ," नदीम म्हणाला. पुण्यातच वाढलेला, उत्तर कसं तयार!

"बाबा," केतकीनं समजावलं, "यात सीटची उंची बघत नाहीत रे. पॅडलवर उभं राहिल्यावर हँडल किती लांब जातं, त्यावरून माप ठरतं."

"तुला सायकल शिकवली कोणी?"

ती गप्प झाली. मला तिथेच संशय यायला हवा होता. आमची केतकी आणि एका वाक्यात गप्प? पण मी रंगात आलो होतो. लार्ज काढायला लावली. तिच्यावर गुडघे थोडे खाली गेल्यासारखे वाटले. वाटलेच, खरं तर गेले नव्हते. "हीच द्या," मी फर्मावलं, "आणि सीटला चांगला लांब दांडा लावा."

नदीमनं केतकीकडे पाहिलं. केतकीनं नदीमकडे पाहिलं. "ठीक आहे काका," तो म्हणाला. मला वाटलं, जाणकार गिऱ्हाईक भेटलं की दुकानदार नमतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी म्हणाली, "पार्किंगमध्ये एक चक्कर मारून दाखवते."

"पार्किंगमध्ये काय कळणार? टेकडीवर चल!"

टेकडीवर ती पॅडलवर उभी राहिली. हात एकदम ताठ. "बघ, कोपरं वाकतच नाहीत. वळणावर हँडल फिरवू कशी? या सायकलवरून मी पडेन, बाबा."

"पडशील कशी? आण इकडे, मी दाखवतो."

तिनं स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं. "प्लीज, उतारावर उभा राहा. वजन मागे ठेव."

आता तुम्हीच सांगा. चढावर उभं राहायचं आणि उतारावर बसायचं, हा सायकलचा जन्मापासूनचा नियम आहे की नाही? उतारावर निवांत टेकून वारा खाता यावा म्हणून तर माणूस चढ चढतो! मी ऐटीत बसलो आणि ब्रेक सोडला.

पहिल्याच दगडावर सीटनं खालून असा रट्टा दिला की शाळेतले मास्तर आठवले. दुसऱ्या दगडावर मी हवेत, सीट जागेवर. मी खाली येईतो सीट वर आलेली! त्या भेटीचं वर्णन चारचौघांत करता येणार नाही.

मागून केतकी ओरडत होती, "बाबा, ऊठ! उभा राहा!" मला वाटलं, कौतुक चाललंय. मी एक हात सोडून तिला टाटा केला.

तो हात परत हँडलवर आलाच नाही. सायकल एकीकडे, मी थेट घाणेरीच्या झुडपात! तिथून फिरायला निघालेल्या एक काकू थांबल्या.

"पडलात का?"

"नाही, फुलं तोडतोय."

"घाणेरीची देवाला चालत नाहीत," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा!

पण त्या झुडपाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याच्या पलीकडे नुसते खडक होते. काट्यांत पडल्या पडल्या ते मला दिसले. रविवारी याच सायकलवर, माझ्या दुप्पट वेगानं, माझी पोर येणार होती. का? तर बापाला सीट उंच हवी! केतकी धापा टाकत खाली पोचली, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "चल, आत्ताच्या आत्ता दुकानात."

वाटेत मी मनातल्या मनात विनवणी आणि भांडण, दोन्ही पाठ केलं. सायकल खरचटलेली, आता ती परत कोण घेणार? उजवा पाय टेकवत नव्हता, तरी आवाज चढवायची तयारी होती. पण मी तोंड उघडायच्या आत नदीमनं आतून मीडियम सायकल आणली. पुसून, हवा भरून तयार!

"ही कधी तयार केलीत?"

"कालच. तुम्ही नेलीत ती दुकानाची ट्रायलची सायकल होती, काका. केतकीनं ही आधीच पक्की केली होती."

मी केतकीकडे वळलो. "मग मला कशाला आणलंस?"

"पहिली सायकल तू आणली होतीस ना? दुसरी तुझ्याशिवाय घ्यावीशी वाटेना. पार्किंगमध्ये तुझ्या लक्षात येईल असं वाटलं होतं. तू थेट टेकडीच गाठलीस!"

पोरीनं मला चुकायची मुभा दिली होती, आणि ती चूक दुकानात परत करायची सोयही आधीच करून ठेवली होती. एवढं कोण करतं हो कोणासाठी? मी तिचा हात हातात घेतला.

काहीतरी बोलायचं म्हणून नदीमला विचारलं, "आणि मी परत आलोच नसतो तर? माझंच खरं म्हणून घरी बसलो असतो तर?"

"मुलीबरोबर आलेले वडील माप बदलायला परत येतातच, काका," तो म्हणाला. मग माझ्या उजव्या पायाकडे बघत शांतपणे पुढे म्हणाला, "बाकीचे चालत येतात, एवढंच."